अंकीला दाखवायला नेलं त्याची हकीकत

गावात येऊन मला दोन दिवस झाले. दळण घेऊन गेले तरी आणि दुकानात गेले तरी प्रत्येक बाई एकच विचारते, अंकीचं काय झालं? तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं. मी चौथी पास आहे, अक्षर बरं आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते. वरच्या आळीतल्या कलावतीच्या नातवाचंही असंच आहे, तिलाही कधीतरी जावं लागेल. तिनं हे आधी वाचावं आणि मी केलेल्या चुका करू नयेत. स्वतःच्या कराव्यात.

अंकी माझ्या मुलाची मुलगी. नऊ वर्षांची आहे. बोलत नाही. ऐकू चांगलं येतं, तव्यावरची भाकरी उतरली की मागच्या दारातून येते. पण भाकरी अख्खी पाहिजे, मोडलेली खात नाही. चपला लावायचा तिला नाद आहे. सगळ्या डाव्या एका रांगेत, सगळ्या उजव्या दुसऱ्या रांगेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. एका दहाव्याला मी तिला घेऊन गेले होते, तिथं जेवून उठलेली माणसं तासभर एकमेकांचे पाय बघत उभी होती.

याचं काही वाटत नाही. पण ती पळते. दार उघडं दिसलं की निघाली, आणि जाते ती विहिरीकडंच. आमच्या विहिरीला कठडा नाही. मुलगा वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी आहे, सून कांदा निवडायला जाते, म्हणून दिवसभर अंकी माझ्याकडं. मला सत्तर पार झाली, गुडघे गेलेत. तिच्यामागं पळणं होत नाही. म्हणून दुपारी मी तिला जुन्या सुती साडीनं बाजेला बांधते. हे सगळ्या गावाला माहीत आहे. या उन्हाळ्यात एकदा मला डोळा लागला आणि जाग आली तेव्हा मी अंगणात होते. अंकीनं बाज ओढत आणली होती, वर मी. विहीर तिथून वीस पावलं राहिली होती. माझं वजन दर वर्षी कमी होतंय, तिचं वाढतंय. पुढच्या उन्हाळ्यात ती मला घेऊनच विहिरीपर्यंत पोचली असती.

गावच्या शाळेतले गुरुजी सरळ म्हणाले की मी हिला इथं नुसतं बसवून ठेवतो, शहरात अशा लेकरांच्या शाळा आहेत, जून संपायच्या आत बघा. मुलाला, सुनेला कांद्यातून उसंत नव्हती. म्हणून मी निघाले.

रविवार, पुंडलिकनगर

शहराला आम्ही अजून औरंगाबाद म्हणतो, गाडीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर असतं. गाडी एकच आहे. प्रवासात सांगण्यासारखं एवढंच झालं की गर्दीत एक बाई माझ्या गाठोड्यावर बसली, सगळ्या भाकरी मोडल्या आणि अंकी उपाशी राहिली. ती बाई उतरताना म्हणाली, गाठोडं कडक होतं.

माझी धाकटी लेक सुनीता पुंडलिकनगरला तिसऱ्या मजल्यावर राहते. तिकडं दिवसासुद्धा दारं बंद ठेवायची पद्धत आहे. आमच्याकडं दुपारी दार बंद दिसलं तर लोक कोण गेलं म्हणून विचारायला येतात. पण अंकीच्या दृष्टीनं ती पद्धत चांगली वाटली. पाणी देताना तिथं विचारतात, साधं का फ्रिजचं. मी म्हणाले, ओलं दे.

त्या इमारतीला लिफ्ट आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर बाहेर पडलो, अंकी आतच राहिली आणि दार लागलं. मग आम्ही जिन्यानं आणि ती लिफ्टनं. आम्ही खाली पोचलो की ती वर, आम्ही वर चढलो की ती खाली. शेवटी जावयांनी खालून बटण बंद केलं. तेव्हा आत चौथ्या मजल्यावरचे एक डॉक्टरही होते. दोघं वीस मिनिटं अंधारात. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, मुलगी अगदी शांत होती, तिचा हात धरला म्हणून मला बरं वाटलं.

संध्याकाळी मी अंकीला तयार करायला घेतलं. डोक्याला तेल, दोन घट्ट वेण्या, नवा फ्रॉक, हातात बांगड्या. नमस्कार करायला शिकवलं. त्याला तीन तास लागले. एका हातात मुरमुरे दिले की ती मूठ मिटून अर्धा तास गप बसते हे मला ठाऊक होतं, ते पुडीत बांधून ठेवले. मी माझ्या तिन्ही मुली अशाच दाखवल्या. सुनीताचा डावा डोळा जरा तिरपा आहे. तिला मी खिडकीकडं तोंड करून बसवलं होतं. पाहुण्यांना एकच बाजू दिसली आणि लग्न ठरलं.

हे मी तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय, अन् ह्यांना मांडवात कळलं."

"कळलं तर कळलं. पंधरा वर्षं झाली, मोडलं का?"

बाहेरून जावई म्हणाले की मोडलं नाय, पण खिडकी दिसली की अजून धडकी भरते.

सोमवार, उस्मानपुरा

उस्मानपुऱ्यातली शाळा मोठी होती, दोन मजली, खास अशाच लेकरांची. चपला बाहेर काढायच्या नव्हत्या, ही देवाचीच कृपा. एका चष्मेवाल्या तरुण बाईनं आम्हांला बसवलं. वही उघडली. अंकीनं हात जोडले. एका मुठीत मुरमुरे असल्यामुळं नमस्कार जरा एकाच बाजूनं झाला, पण झाला.

बाईनं विचारायला सुरुवात केली. स्वतःच्या हातानं जेवते का? मी म्हणाले, जेवते, चार माणसांना वाढतेसुद्धा. अंथरुणात होतं का? छे, तशी आमच्या घराण्यात कोणीच नाही. चावते, ओरबाडते? कधीच नाही. पळून जाते? मी म्हणाले, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. सुनीतानं टेबलाखालून माझा पाय दाबला. मला वाटलं, छान चाललंय असं सांगतेय.

"बोलते का?" बाईनं विचारलं.

"गरजेपुरतं. आमच्याकडं पोरींना बडबडायची सवय नाय."

सुनीता खिडकीबाहेर बघायला लागली. अंकी मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून बसलेली. तिच्यासारखी शहाणी मुलगी मी माझ्या हयातीत दाखवली नव्हती. बाईनं पुढं चित्रांचा डबा ठेवला, पण मुरमुऱ्याची मूठ सोडायला अंकी तयार नव्हती. मी सांगितलं, परक्यांच्या वस्तूला हात लावत नाही, तसं वळण आहे.

बाईनं वही मिटली. म्हणाली, "आजी, तुम्ही सांगता तसं असेल तर हिला आमच्या शाळेची गरज नाही. साध्या शाळेत घाला. इथली जागा एखाद्या गरजू लेकराला मिळू दे."

फाटकापर्यंत मी आनंदात होते. मुलगी पसंत पडली असंच मला वाटत होतं. फाटकाबाहेर अंकीचे मुरमुरे संपले, ती सुटली आणि रस्ता ओलांडून एका रसवंतीत शिरली. तिला धरून आणल्यावर सुनीता घाम पुसत म्हणाली, "माय, तू तिला नवरा बघायला आणलं का शाळा?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. परत आत जाऊन खरं सांगू म्हणून सुनीता मागं लागली. मी गेले नाही. एकदा नकार आलेल्या घरी मुलगी परत दाखवायला नेत नाहीत. हीही माझी चूकच. कलावतीनं लिहून घ्यावी.

मंगळवार, जालना रोडच्या पलीकडं

त्या बाईनं साध्या शाळेत घाला म्हटलं होतं, म्हणून जावयांच्या ओळखीच्या एका साध्या शाळेत गेलो. शाळा इंग्रजी होती. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की इथं प्रत्येक मुलाला स्थान आहे. ते वाचून मी ठरवलं, कालची चूक आज करायची नाही, आज सगळं खरं सांगायचं. चूक बदलली, एवढंच झालं.

टायवाले मोठे सर होते. त्यांनी चहा मागवला. मी पहिल्यापासून सांगितलं. बोलत नाही हे सांगितलं, तेव्हा ते हसरे होते. चावते म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जरा मागं घेतली. बाजेचं सांगितलं तेव्हा पेन खाली ठेवलं. विहिरीपर्यंत पोचेपर्यंत चहा गार झाला होता. ते म्हणाले, तुमच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मी विचारलं, "जागा आहे का?"

"जागा आहे."

"मग?"

"तशी जागा नाही."

कशी जागा आहे, हे मी दोनदा विचारलं. ते दोनदा म्हणाले की पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी माझं वजन किती असेल ते त्यांना कसं सांगायचं, हा विचार मी करत होते, तेवढ्यात बाहेर गलका झाला.

अंकी सुनीताजवळ बाहेर होती. सुनीताला फोन आला. शेजारच्या हॉलमध्ये पालकांची सभा भरलेली होती आणि नवी सतरंजी अंथरलेली म्हणून सगळ्यांनी चपला-बूट दारात काढले होते. मोठे सरही सभेतून उठून नुसत्या मोज्यांवरच आमच्याशी बोलायला आले होते, त्यांचे बूट तिथंच. फोन होईपर्यंत अंकीनं व्हरांड्याच्या या टोकाला सगळे डावे आणि त्या टोकाला सगळे उजवे लावले होते, मापानुसार. रांग अशी सरळ होती की दोरी धरूनही आली नसती. माणसं एका पायावर उड्या मारत या टोकाकडून त्या टोकाकडं जात होती. दोन बायका एका सँडलवरून इंग्रजीत भांडत होत्या. मोठे सर आम्हांला फाटकापर्यंत सोडायला आले ते एका पायात काळा बूट आणि दुसऱ्यात कोणाची तरी कोल्हापुरी घालून. चालताना ते एकदा उंच व्हायचे, एकदा ठेंगणे. तरी माणूस सभ्य, रागावला नाही. फाटक मात्र स्वतः लावून घेतलं.

रिक्षावाला थांबलेला होता, त्यानं फाटकातून सगळं पाहिलं होतं. तो हँडलवर डोकं ठेवून हसला. मग म्हणाला, "अम्मा, बुरा नक्को मानो. मेरे भाई की बच्ची भी ऐसीच है."

मी विचारलं, मग ती कुठं जाते? त्यानं सांगितलं की पुंडलिकनगरमध्ये एका मॅडमकडं. मी नंबर मागितला तर म्हणाला, "फोन कायकू? खाने के टाइम पे सीधा जाके बैठो. सब मालूम पडता."

हे ऐकून मला माझेच कान उपटावेसे वाटले. आमच्यात मुलगी द्यायची तर अशीच देतात. आधी घरचा एखादा जाणता माणूस वाटसरू होऊन त्या गावी जातो, जेवणाच्या वेळी दारात उभा राहतो, पाणी मागतो. रांजणावर झाकण आहे का बघतो. घरातली सून कुठं बसून खाते बघतो. माझ्या चुलत्यांनी चांगलं बागायती स्थळ सोडलं, कारण सासूला सुनेच्या ताटात करपलेली भाकरी टाकताना त्यांनी पाहिलं. आणि मी दोन दिवस नुसती मुलगी दाखवत फिरत होते. घर एकाचंही पाहिलं नव्हतं.

बुधवार, पुन्हा पुंडलिकनगर

शाळा सुनीताच्या घरापासून चार गल्ल्यांवर निघाली. शेजारच्या दुकानातून ती रोज भाजी आणते. मी तिला विचारलं, तुला दिसली नाही का? ती म्हणाली, मला वाटायचं शिकवणी आहे. सरळ बघणाऱ्या डोळ्याची बाजू दुकानाकडं असते, मी काय म्हणणार.

अंकीला या वेळी सजवलं नाही. घरचा फ्रॉक, एक वेणी सुटलेली, मूठ रिकामी. साडेबाराला गेलो. बंगल्याचा खालचा मजला होता, अंगणात टायरचा झोका. दारातच मी पाणी मागितलं. माठावर झाकण होतं. मी म्हणाले, मोरी दाखवा. दाखवली, कोरडी होती. मग लेकरांची नखं पाहिली. एकाचे दोन्ही हात पाहिले, तोवर त्यानं माझी नथ धरली, ती सोडवायला दोन बायका लागल्या. कोणी मला विचारलं नाही की तुम्ही कोण. अशा बायका तिथं येत असाव्यात.

एक थोराड मुलगा भिंतीवर डोकं आपटत होता, न थांबता, दळण दळावं तसं. मी बघायला गेले. भिंतीला नेमकी त्याच्या कपाळाच्या उंचीवर उशी ठोकलेली होती. उशीचा अभ्रा धुतलेला होता. मी तिथं जरा जास्त वेळ उभी राहिले.

जेवणं सुरू झाली. वाढणाऱ्या मावशीनं अंकीच्या ताटात अर्धी पोळी ठेवली. अंकीनं ताट सरकवलं. सुनीता सांगायला निघाली, मी तिचा दंड धरला. मावशीनं अर्धी उचलून दुसरी अर्धी ठेवली. अंकीनं परत सरकवलं. मावशीनं तिच्याकडं बघितलं, पोळीकडं बघितलं आणि अख्खी ठेवली. अंकी जेवली.

शाळा चालवणाऱ्या वंदनाताई पन्नाशीच्या, जाड्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना आम्ही भेटलो ते दारात, कारण तोपर्यंत अंकीनं जेवून येऊन तिथल्या सगळ्या चपला डाव्या-उजव्या केल्या होत्या. मी म्हणाले, आता आम्ही निघतो. ताई खाली बसल्या, स्वतःची डावी चप्पल उचलून हातात धरली आणि नुसत्या थांबल्या. अंकीनं पुष्कळ वेळ ती चप्पल पाहिली. मग दुसऱ्या रांगेतून नेमकी त्यांची उजवी आणून दिली. जोड तिला ठाऊक होते. इतकी वर्षं आम्हीच धरून चाललो होतो की ठाऊक नाहीत.

आत बसल्यावर ताईंनी एकच विचारलं. "पळते तेव्हा काय करता?"

सुनीतानं खाली बघितलं. सोमवारी मी खोटं बोलले होते आणि मंगळवारी खरं, दोन्हींनी काही झालं नव्हतं. मी म्हणाले, "बांधते."

कोपऱ्यात एक आई आपल्या लेकराला भरवत होती. तिचा हात थांबला आणि परत सुरू झाला.

"कशानं?" ताईंनी विचारलं.

"जुन्या सुती साडीनं. दोरानं नाय. दोर काचतो."

"गाठ कुठली?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, वासराची. ओढली तरी आवळत नाही. ताईंनी कपाटातून एक ओढणी दिली, मी खुर्चीच्या पायाला गाठ मारून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि वहीत लिहून घेतलं.

"अंकीला ही सोडता येते का?"

"नाय. येत असती तर बाज कशाला ओढली असती?"

"मग पहिलं तेच शिकवू."

मी म्हणाले, बाई, तुम्ही शुद्धीवर आहात का, सोडायला शिकली तर विहिरीत जाईल. त्या म्हणाल्या, जिला स्वतःला सोडवता येतं तिला थांबायला शिकवता येतं, बांधलेलीला काय शिकवणार? मला हे पूर्ण पटलं नाही, आजही नाही. पण माठ झाकलेला होता, पोळी अख्खी मिळाली होती आणि उशीचा अभ्रा धुतलेला होता. एवढ्यावर मी तीन मुली दिल्यात.

दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. सरकारी दवाखान्यातून दाखला काढावा लागेल, आणि पहिले काही महिने घरचं माणूस रोज शाळेत येऊन बसलं पाहिजे. म्हणजे मी. म्हणजे लेकीच्या घरी राहायचं. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी प्यायलासुद्धा माणसं मागंपुढं बघायची. मी जावयांना तसं म्हणाले.

"राहा की मामी," ते म्हणाले. "एकदा फसलोय, आता भ्यायचं काय?"

त्यानंतर

आता मी जोंधळे आणि दोन लुगडी न्यायला आलेय. अंकी तिकडंच आहे, चार दिवस शाळेत सुनीता बसतेय. ज्या बायका म्हणतात की म्हातारी लेकीच्या जिवावर बसली, त्यांनी एक दुपार अंकीमागं पळून दाखवावं.

शाळेनं गृहपाठ दिला होता. रोज दुपारी मी तिला घरातल्या लोखंडी खाटेला बांधायचं आणि तिनं सोडवायचं. मी गाठ मारायची, ती बघत बसायची. मी तिचे हात धरून सोडवायची, परत मारायची. दहा दिवस असेच गेले. मी ताईंना म्हणाले, बांधायचं काम गावातही होतंच, त्याला शाळा कशाला? त्या म्हणाल्या, चालू ठेवा.

अकराव्या दिवशी गृहपाठ करता करता मला डोळा लागला. जाग आली तर अंकी खाटेशी नव्हती आणि घराचं दार सताड उघडं. मी उठायला गेले तर पाय उठेना. साडीचं एक टोक खाटेला होतं, दुसरं माझ्या घोट्याला. गाठ वासराची होती, बिनचूक. घाईत माझ्याच बोटांना ती सुटेना. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. मग मी काय करणार, खाट ओढायला लागले. दारापर्यंत ओढत नेली.

अंकी बाहेर जिन्याजवळ बसली होती. चारी घरांच्या चपला गोळा करून रांगा लावत होती, डाव्या इकडं, उजव्या तिकडं. जिना समोर मोकळा होता, पण ती उतरली नव्हती. मी पाय पुढं करून म्हणाले, सोड. तिनं गाठ पाहिली, खाट पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि परत चपलांकडं वळली. सोडलं नाही. मी पळून जाईन, अशी तिला भीती असणार.